गालावरची निळी गाठ आणि राजापेठ ते मुंबईच्या फेऱ्या

राजापेठेतून रिक्षा करायची, अमरावती स्टेशनवर संध्याकाळची मुंबई एक्स्प्रेस पकडायची, डब्यात घरची पोळीभाजी खायची आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं. गेल्या दोन वर्षांत हा प्रवास आम्ही पाच वेळा केला. नात्यात कोणी तिकडे राहतं म्हणून नाही, तर मुलीच्या डाव्या गालावरच्या गाठीसाठी. आता ती अकरा वर्षांची आहे. मोहल्ल्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, इतक्या वेळा कशाला जाता? एकदाच ऑपरेशन करून टाका ना." हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहीत आहोत. आम्हाला जे उशिरा कळलं, ते दुसऱ्या घराला लवकर कळावं एवढाच हेतू.

जन्मली तेव्हा गालावर फिकट निळसर डाग होता. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं आईने ग्रहण पाहिलं असेल. दम केला, तावीजही बांधला. एका दवाखान्यात सांगितलं, "पाच-सहा वर्षांत आपोआप जाईल." आम्ही निर्धास्त झालो आणि वाट पाहत बसलो. गाठ गेली नाही, उलट पोरीबरोबर वाढत गेली. ती रडली किंवा नमाजसाठी सजद्यात गेली की गाल फुगायचा, बोटाने दाबला की दबायचा. खरं तर याच खुणेवरून रोग ओळखता येतो, पण तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

लहान मुलांच्या चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या खुणा ढोबळपणे दोन प्रकारच्या असतात. 1982 साली मुलिकन आणि ग्लोवाकी या दोन अमेरिकी संशोधकांनी हा फरक नीट मांडला आणि आजही जगभर तोच पाया मानतात.

पहिला प्रकार हिमॅन्जिओमा. ही बहुधा जन्मानंतर काही आठवड्यांत दिसते, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते आणि मग काही वर्षांत हळूहळू ओसरते. 2008 मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हृदयासाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध त्यावर चांगलं चालतं. तेव्हापासून, डोळ्याजवळ किंवा ओठावर असलेली किंवा जखम होणारी हिमॅन्जिओमा असेल तर डॉक्टर हे औषध त्यांच्या देखरेखीखाली देतात. घरच्या घरी ते कधीच देऊ नये.

दुसरा प्रकार व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन, म्हणजे रक्तवाहिन्यांची रचनाच जन्मापासून चुकलेली असणं. ही आपोआप जात नाही. मुलाबरोबर वाढते, आणि वयात येताना किंवा गरोदरपणात जोर धरू शकते. "आपोआप जाईल" हे वाक्य पहिल्या प्रकाराला लागू आहे, दुसऱ्याला नाही. आमची पाच वर्षं गेली ती या एका घोटाळ्यात.

या दुसऱ्या प्रकाराचेही पोटप्रकार आहेत. सपाट, लालसर-जांभळा डाग असतो तो केशवाहिन्यांचा. रशियाचे नेते गोर्बाचेव्ह यांच्या डोक्यावरचा डाग याच जातीचा. त्याला विशिष्ट लेझरच्या अनेक बैठका लागतात. असा डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब आणि मेंदू तपासून घ्यावा, कारण काही मुलांमध्ये काचबिंदू आणि झटके यांचा संबंध असतो. निळसर, मऊ, दाबली की दबणारी आणि डोकं खाली केलं की फुगणारी गाठ नसांची, म्हणजे व्हीनस. आमच्या मुलीची तीच. लसवाहिन्यांचीही गाठ असते. सर्दी-तापात ती एकदम सुजू शकते. आणि हाताला गरम लागणारी, ठोके जाणवणारी गाठ धमनी-नसांच्या चुकीच्या जोडणीची असते. ती सगळ्यात जोखमीची. तिला अर्धवट कापणं किंवा तिला रक्त पुरवणारी धमनी नुसती बांधून टाकणं, यामुळे ती आणखी बिघडू शकते.

म्हणून आधी निदान. आधी रंगीत डॉपलर सोनोग्राफी, मग एमआरआय. लहान मुलांना एमआरआयसाठी बहुतेक वेळा झोपेचं औषध द्यावं लागतं. आम्ही हे नागपूरला केलं. फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही जपून ठेवले, नाहीतर पुढच्या ठिकाणी तेच पुन्हा करा म्हणतात.

आता मूळ प्रश्न : एकदाच का नाही? नसांची गाठ म्हणजे एखादा गोळा नाही, स्पंजासारखं जाळं असतं. गालात त्याच्या शेजारूनच चेहरा हलवणारी मज्जातंतू जाते. सगळं कापायला गेलं तर रक्तस्राव आणि तोंड वाकडं होण्याचा धोका. म्हणून बऱ्याचदा स्क्लेरोथेरपी करतात. भूल देऊन, सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत बारीक सुईने गाठीत औषध सोडतात. त्या औषधाने नसेची आतली भिंत चिकटते आणि गाठ आक्रसते. पण एका वेळी ठराविकच मात्रा देता येते, त्यामुळे जाळ्याचा एकेक भाग घ्यावा लागतो. दोन बैठकांत काही आठवड्यांचं अंतर ठेवतात. ब्लिओमायसिन वापरत असतील तर आयुष्यभरात एकूण किती दिलं याला मर्यादा असते, कारण जास्त झालं तर फुप्फुसाला अपाय होतो. म्हणून प्रत्येक डिस्चार्ज कार्डवर औषधाचं नाव आणि मात्रा लिहून घ्याच. डॉक्टर बदलले तरी तो कागद बोलतो.

आणि इथेच का नाही? हे काम इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट करतात. सोबत प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ आणि गरज पडली तर अतिदक्षता विभाग लागतो. जीभ किंवा घशाजवळची गाठ उपचारानंतर सुजली तर श्वास अडू शकतो. म्हणून मोठं रुग्णालय. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, मुंबई साडेसहाशेच्या वर. आधी नागपूरचं शासकीय मेडिकल आणि एम्स इथे विचारा, तिथे जमत असेल तर मुंबई कशाला?

पैशाचं बोलू. राज्य सरकारची जी योजना आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते, ती 2012 च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला अमरावती होता. आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण प्रत्येक उपचार प्रत्येक रुग्णालयात त्यात बसतोच असं नाही. गाडीत बसण्याआधी 155388 वर फोन करावा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला प्रक्रियेचं नाव सांगून विचारावं. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला यांतली नावं जुळतात का ते घरीच पाहा. आपल्याकडे उर्दू नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असतं, आणि त्यासाठी आम्हाला एक फेरी फुकट पडली. नागपूरला एसटीने जायचं तर 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे.

राहण्यासाठी लॉजच पाहिजे असं नाही. सीएसएमटीपासून जवळ, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे बाहेरगावचे रुग्ण उतरतात. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. जागा मिळेलच असं धरू नका, आधी चौकशी करा.

काही गोष्टी अनुभवाने शिकलो. भुलीआधी साधारण सहा तास जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. नक्की वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा राहिला तर अख्खी तारीख जाते. उपचारानंतर पहिले दोन-तीन दिवस गाल आधीपेक्षा जास्त सुजतो. पहिल्या वेळी आम्ही घाबरून गेलो होतो. ती सूज एक-दोन आठवड्यांत उतरते. झोपताना डोकं उंच ठेवावं आणि परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नये. कातडी काळी पडणं, फोड येणं, ताप, दिसण्यात फरक, तोंड वाकडं होणं किंवा श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर थांबू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

शाळेबद्दल एक शिक्षक म्हणून सांगतो. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, पथक शाळेत येतं. त्या दिवशी पालक मुलाला घरी ठेवतात, "उगाच नाव लागेल" म्हणून. तसं करू नका. संदर्भचिठ्ठी तिथूनच मिळते.

शेवटची गोष्ट लिहायला जड जाते. नातेवाइकांतल्या एका बाईंनी आमच्यासमोर म्हटलं, "मोठी झाली की नकाबात झाकून जाईल, रिश्त्याचं पुढे पाहू." पोरगी ऐकत होती. त्या रात्री तिने विचारलं, "अब्बू, मी लपवायसारखी आहे का?" आम्ही दोघांनी तिला सांगितलं, बेटा, परदा अल्लाहसाठी असतो, दुखणं लपवण्यासाठी नसतो. दुखण्यासाठी दुआ आहे आणि दवा आहे. दोन्ही करायच्या.

पाच बैठकांनंतर गाठ बरीच आक्रसली आहे. पूर्ण गेलेली नाही, आणि डॉक्टरांनी तसं वचनही दिलेलं नाही. वयात येताना पुन्हा वाढू शकते, तेव्हा पुन्हा गाडीत बसू. पण या ईदला तिने पहिल्यांदा फोटोत डावा गाल कॅमेऱ्याकडे केला. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर त्याच्या आईला एवढंच विचारा, "गाठ दाबली की दबते का, वाकलं की फुगते का?" उत्तर हो असेल तर वाट पाहत बसू नका, तपासून घ्या.