पाणी धरणारे पोलाद कसे ओळखावे?



उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. टोळीचा सगळा हिशोबच कोयत्यावर चालतो. पण हातातला कोयता कशाचा, हे मात्र फार थोडे लोक बघतात. धार बोथटली की ऊस जमिनीलगत तुटत नाही. बुडख्याच्या कांड्यांत साखर जास्त, तीच शेतात राहते. खोडे चिरतात, आणि खोडव्याला फूटही नीट येत नाही.

एका हंगामात आम्ही भंगारातून दोन जाड पट्ट्या आणल्या. विकणारा म्हणाला, "ट्रकचा पाटा आहे, डोळे मिटून न्या." लोहारदादांनी चार कोयते घडवले, पाणी दिले. दुपारच्या आतच धारा वळल्या आणि टोळी बांधावर बसून राहिली. पट्टी निघाली साध्या लोखंडाची! अशा लोखंडात कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत असतो. त्याला कितीही पाणी द्या, धार टिकण्याइतके ते कडक होत नाही. मोटारीच्या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, कानशीत एक टक्क्याच्या आसपास. सगळी करामत एवढ्या फरकाची.

म्हणून घण उचलण्याआधी तुकडा तपासावा.

१) ठिणगी : पट्टी ग्राइंडरला लावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ निघतात. पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटतात. हा झाला नुसता अंदाज.

२) पाणी : बोटभर तुकडा कापून भट्टीत सावकाश तापवा. मधून मधून लोहचुंबक लावून बघा. सुमारे ७७० अंशांना चुंबक धरेनासा होतो. त्यापुढे किंचित तापवून लगेच तेलात बुडवा. तुकडा पिवळा-पांढरा होऊ देऊ नका.

३) कानस : वरची खपली घासून काढा आणि चांगली कानस फिरवा. कानस घसरली तर पोलादाने पाणी धरले. चावली, तर दुसरा तुकडा पाण्यात विझवून बघा. तोही मऊच राहिला, तर ती पट्टी बिजागरीला ठेवा.

४) मोड : कडक तुकडा व्हाइसमध्ये धरून, वर गोणपाट टाकून, हातोड्याने मोडा. आत बारीक राखाडी कण दिसले तर उत्तम. साखरेच्या मोठ्या दाण्यासारखे चमकले, तर ताव जास्त झाला.

तुकडा उतरला म्हणून काम संपले असे नाही. नुसते पाणी दिलेला कोयता काचेसारखा तुटतो. पाते घासून चकचकीत करावे आणि मंद आचेवर पुन्हा तापवावे. रंग पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असा चढतो. कोयत्यासाठी जांभळा निळ्याकडे झुकला, म्हणजे सुमारे २८० ते ३०० अंशांना, थांबावे.

तीन गोष्टी विसरू नका. मोडताना व ग्राइंडरवर डोळ्यांना चष्मा हवाच. जस्ताचा मुलामा असलेले भंगार भट्टीत घालू नका. त्या धुराने ताप भरतो. जुन्या पाट्यात बारीक चीर असते, तीही साफ करून बघावी.

तुकडा तपासायला तासभर जातो. न तपासता कोयते केले, तर टोळीचा दिवस जातो आणि तुटलेला ऊस उन्हात वाळतो. यातले स्वस्त कोणते, ते सभासदांनीच ठरवावे.