रोज चमचाभर दालचिनी? आधी साल बघा!

‘वजन उतरवायचंय? रोज सकाळी चमचाभर दालचिनीची पूड घ्या’ असे रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. माझ्या तर रोज येतात. म्हणून आज बोलूया कूमरिनबद्दल.

कूमरिन हे झाडं स्वतः तयार करतात असं एक सुगंधी रसायन. वाळलेल्या गवताचा तो गोडसर वास असतो ना, त्यात याचा मोठा वाटा. वास गोड, चव मात्र कडवट. १८२० मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या टोंका नावाच्या बियांमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. आणि हेच कूमरिन दालचिनीतही असतं.

पण कुठल्या दालचिनीत? इथेच खरी गंमत आहे. सिलोन दालचिनीत ते नावापुरतं असतं. तिची साल पातळ, पदरावर पदर गुंडाळलेली, बोटांनी चुरगळणारी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात याच झाडाची. दुसरी कॅसिया : जाड, टणक, एकाच पदराची आणि स्वस्त. हिच्यात कूमरिन भरपूर.

आता जरा हिशोब करू. कॅसियाच्या एक किलो पुडीत सरासरी ३ ग्रॅम कूमरिन धरलं, तर २ ग्रॅम पुडीत, म्हणजे एका छोट्या चमच्यात, झालं ६ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ठरवलेली रोजची मर्यादा आहे वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. तुमचं वजन ६० किलो असेल, तर एका चमच्यात कोटा संपला! काही लोकांच्या यकृताला हे बाधतं. बिर्याणीतल्या तुकड्याची काळजी नको. प्रश्न आहे रोजच्या चमच्याचा.

आता एक गैरसमज. ‘दालचिनीत कूमरिन असतं, म्हणून ती रक्त पातळ करते’ असं सर्रास सांगतात. हे आलं कुठून? १९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत स्वीट क्लोव्हरचा बुरसटलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. चाऱ्यात कूमरिन होतं, पण बुरशीने त्याचं डायकूमरॉल बनवलं होतं. रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचं काम ते अडवतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या चमूने ते शोधून काढलं. पुढे त्यावरूनच वॉरफरिन आलं. आधी उंदरांचं विष म्हणून, मग १९५४ पासून माणसांचं औषध म्हणून.

म्हणजे साधं कूमरिन हे काही रक्त पातळ करायचं औषध नाही. घरात आजी-आजोबांना वॉरफरिन चालू असेल, तर ‘गोळी सोडा, दालचिनी घ्या’ असा फॉरवर्ड त्यांच्यापर्यंत पोचू देऊ नका. आणि दालचिनीची पूड किंवा काढा रोज द्यायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आज स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडा आणि साल बघा. पातळ पदर की जाड तुकडा? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!