हुनर हातात, कागद कुठे?

दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात. "सर, याचं मन पुस्तकात लागत नाही. ओळखीच्या वायरमनकडे लावू का?"

साताऱ्यातील माझा एक विद्यार्थी असाच कामाला लागला. चार वर्षांत अख्ख्या घराची वायरिंग एकट्याने करू लागला. मग एका मोठ्या कामावर विचारणा झाली, "परवाना आहे का?" नव्हता. उस्तादाने त्याचे नाव कुठेच नोंदवले नव्हते. "सर, काम सगळं येतं. पण मी शिकलोय हे सांगणारा एक कागद नाही," तो म्हणाला.

उस्तादाकडून शिकण्याची आपली परंपरा मोठी आहे. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले. ती कला बापाकडून मुलाकडे गेली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण विजेचे काम वेगळे आहे. तिथे चूक झाली तर जीव जातो. म्हणून बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंग परवानाधारकानेच करावी असा नियम आहे. हा परवाना राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते.

हुनर आणि कागद दोन्ही मिळवण्याची वाट म्हणजे शिकाऊ उमेदवारी. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मिरज, कुपवाड, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींनाही हा नियम लागू आहे. मालक व उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, त्याची सरकारी पोर्टलवर नोंद होते. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणानुसार किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरले. सध्याचा दर विचारून घ्यावा. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच अशी हमी नाही, पण प्रमाणपत्र कुठेही दाखवता येते.

म्हणून मुलाला किंवा मुलीला कामाला लावण्याआधी तीन गोष्टी विचारा. करार नोंदवणार का? विद्यावेतन किती? शेवटी कोणते प्रमाणपत्र मिळणार? तालुक्याच्या आयटीआयमध्ये चौकशी करा, तिथे पैसे लागत नाहीत.

जे आधीच काम शिकले आहेत, त्यांनी पूर्वकौशल्य मान्यतेची माहिती घ्यावी. त्यात अनुभव तपासून प्रमाणपत्र देतात. मात्र ते म्हणजे वीजकामाचा परवाना नव्हे.

उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला आहे. मग लेकराच्या उमेदीच्या चार वर्षांचा करार तोंडी का ठेवायचा?

माझा विद्यार्थी आता बाविसाव्या वर्षी आयटीआयचा अर्ज भरतोय. वर्गात सगळ्यांत मोठा तोच असेल. "लाज वाटत नाही सर," म्हणाला, "फक्त चार वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं."

ते सांगणारा मीच असायला हवा होतो. म्हणून हे लिहिले.