अंगणातील आगगाडी : बॅटरीचे एंजिन आणि वाफेचे एंजिन

रायपुरहून धमतरीकडे जाणारी नॅरोगेज रेल्वे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने १९०० साली वाहतुकीस खुली केली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते. भाताच्या खाचरांमधून ती अभनपूरला येई; तेथून एक फाटा राजिमच्या संगमाकडे जाई आणि मुख्य मार्ग धमतरीपर्यंत पोहोचे. आसपासचे लोक तिला ‘छोटी लाइन’ म्हणत. ही छोटी लाइन आता उरलेली नाही. ३० मार्च २०२५ रोजी रायपुर आणि अभनपूर यांच्या दरम्यान मंदिर हसौद व नवा रायपुर या मार्गाने विजेवर चालणारी प्रवासी गाडी सुरू झाली. ती १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉडगेज रुळांवरून धावते.

वाहतुकीच्या दृष्टीने हा बदल हिताचाच आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने विचार केल्यास एक उणीव जाणवते. विजेच्या मोठ्या गाडीत शक्ती कोठून येते आणि चाकापर्यंत कशी पोहोचते, हे फलाटावर उभ्या असलेल्या मुलाला दिसत नाही. वाफेच्या एंजिनात विस्तव, पाणी, दट्ट्या आणि चाक ही सारी साखळी डोळ्यांसमोर असे. ही साखळी पुन्हा पाहावयाची असेल तर एक उपाय आहे : घराच्या अंगणात छोटे रूळ टाकून त्यांवर बॅटरीचे एक व वाफेचे एक अशी दोन्ही एंजिने चालवून पाहणे. नवा रायपुरसारख्या नव्याने वसलेल्या नगरात, जेथे घराभोवती थोडी मोकळी जागा मिळू शकते, तेथे हा छंद आणि ही प्रयोगशाळा एकाच वेळी उभी राहू शकते.

एकाच घरातील दोन गाड्या

या छंदाचे एक राजेशाही उदाहरण मराठी घराण्यातच सापडते. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना आगगाडीची विलक्षण आवड होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजवाड्याच्या परिसरात हौसेसाठी टाकलेल्या ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांतूनच पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली. श्योपूरकडे जाणारा तिचा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग २०२० पर्यंत चालू होता. याच घराण्याच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर चांदीची एक छोटी आगगाडी आहे. ती पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन फिरत असे. ती विजेवर चालते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेजावरच्या गाडीला रुळांतून वीज देणे सोपे असते, कारण तेथे धूळ नाही, पाऊस नाही आणि रूळ रोज पुसले जातात. अंगणात परिस्थिती उलट असते. रुळांवर माती बसते, धातू काळवंडतो, सांध्यांत गंज शिरतो आणि वीज मध्येच तुटते. म्हणून अंगणातील विजेच्या एंजिनाने आपली वीज आपल्याच पोटात, म्हणजे बॅटरीत, वाहून न्यावी हे उत्तम. मग रूळ केवळ वाट दाखविण्यापुरते उरतात, आणि त्याच रुळांवरून वाफेचे एंजिनही निर्वेधपणे जाऊ शकते.

सतरा, दोनशे एकोणनव्वद आणि चार हजार नऊशे तेरा

अंगणातील रेल्वेसाठी ४५ मिलिमीटर रुंदीचा मार्ग जगभर रूढ आहे. १९६८ साली न्यूरेंबर्ग येथील लेहमान कंपनीने उघड्यावर टिकणारी गाडी याच रुंदीच्या मार्गासाठी बाजारात आणली आणि तेव्हापासून हा छंद सामान्य घरांत पोहोचला. धमतरीच्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गाची प्रतिकृती ४५ मिलिमीटरवर बसवावयाची, तर प्रत्येक लांबी सुमारे १७ पटींनी कमी करावी लागेल.

आता लांबी १७ पटींनी घटली की पृष्ठफळ १७ × १७ म्हणजे २८९ पटींनी घटते, आणि घनफळ १७ × १७ × १७ म्हणजे ४,९१३ पटींनी घटते. वाफेच्या छोट्या एंजिनाच्या साऱ्या अडचणींचे मूळ या हिशेबात आहे. बॉयलरमधील पाणी घनफळाप्रमाणे घटते. पण उष्णता ज्यातून निसटते ती बाहेरची बाजू पृष्ठफळाप्रमाणेच घटते. परिणामी, प्रत्येक ग्रॅम पाण्यामागे उष्णता गमावणारा पृष्ठभाग मोठ्या एंजिनाच्या मानाने १७ पट होतो. मोठे पातेले सावकाश निवते आणि चमच्यातला चहा क्षणात निवतो, त्यातलाच हा प्रकार आहे. म्हणून छोट्या बॉयलरला नमदा आणि लाकडी पट्ट्यांचे वेष्टन घालावे लागते. त्याच्या चिमुकल्या सिलिंडरात शिरणारी वाफ थंड भिंतींना लागून पाणी होते. म्हणून प्रारंभी एंजिन हलकेच पुढे-मागे करून सिलिंडर तापवावा लागतो, आणि धुराड्यातून प्रथम गढूळ पाण्याचे थेंब उडतात.

उष्णतेचा जमाखर्च

दोन्ही एंजिनांचा जमाखर्च मांडून पाहू या. असे समजू की, वाफेच्या एंजिनाच्या बॉयलरमध्ये २०० मिलिलिटर पाणी आहे, त्यापैकी १५० मिलिलिटरची वाफ २५ मिनिटांत होते आणि वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलोग्रॅम आहे. एवढी वाफ करण्यास जवळजवळ ३९० किलोज्यूल उष्णता लागते. ज्योतीची निम्मी उष्णता धुराड्यावाटे जाते असे धरले, तर सुमारे १७ ग्रॅम ब्युटेन गॅस जाळावा लागेल. त्या १७ ग्रॅम गॅसमध्ये २१५ वॉट-तास एवढी ऊर्जा साठविलेली असते.

दुसऱ्या एंजिनात लिथियमचे चार घट आहेत असे धरू. एकूण दाब १४.४ व्होल्ट आणि धारणा २.६ अँपिअर-तास. ही ऊर्जा ३७ वॉट-तासांच्या आसपास भरते, म्हणजे गॅसमधील ऊर्जेच्या एक षष्ठांशाएवढी. तरीही १० वॉट शक्ती घेणारे हे एंजिन साडेतीन तासांहून अधिक वेळ धावेल, आणि सहापट ऊर्जा घेऊन निघालेले वाफेचे एंजिन अर्ध्या तासाच्या आत थांबेल.

मग बाकीची ऊर्जा गेली कोठे? छोट्या एंजिनाला डबे ओढण्यास ३ न्यूटन जोर लागला आणि ते सेकंदाला अर्धा मीटर वेगाने गेले, तर उपयुक्त शक्ती केवळ दीड वॉट भरते. ज्योत मात्र ५०० वॉटहून अधिक शक्ती ओतीत असते. म्हणजे हजारात तीनच भाग कामी आले, आणि उरलेले हवेत गेले. वाफेच्या मोठ्या एंजिनातही शेकडा सहा ते आठ भागच कामी येत. जगभरच्या रेल्वेने वाफेचा निरोप का घेतला, याचे एक मोठे कारण या छोट्या प्रयोगात मुलाच्या हाती लागते.

मात्र यावरून बॅटरीचे एंजिन उष्णतेच्या बंधनातून मुक्त आहे, असा समज करून घेऊ नये. छत्तीसगढमधील बहुतेक वीज कोरबा व इतर ठिकाणच्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून येते. तेथेही कोळसा जाळून पाण्याची वाफच केली जाते, आणि कोळशातील उष्णतेच्या सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते. म्हणजे अंगणातील बॅटरीचे एंजिनदेखील बव्हंशी वाफेवरच चालते. फक्त त्याचा बॉयलर दूर कोरब्याला आहे, आणि तो प्रचंड असल्यामुळे काटकसरीने चालतो.

रायपुरची माती, ऊन आणि पाणी

परदेशी पुस्तकांतील सूचना छत्तीसगढच्या अंगणात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पहिला प्रश्न मातीचा. येथील शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार सांगतो. कन्हार ही काळी माती. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेले रूळ एका वर्षात वाकडेतिकडे होतात. अशा ठिकाणी वीतभर माती काढून तेथे भाट्याचा मुरूम ठोकून बसवावा, त्यावर बारीक गिट्टी पसरावी, आणि दोन्ही बाजूंस पाण्याला उतार ठेवावा.

दुसरा प्रश्न उन्हाचा. हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत उघड्या रुळाच्या तापमानात ४५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने १० मीटर लांबीचा पितळी रूळ साडेआठ मिलिमीटरांनी वाढतो. सांध्यांत फट ठेवली नाही तर रूळ बाजूला फुगून गाडी घसरते.

ऊन दोन्ही एंजिनांनाही त्रास देते. लिथियमचे घट ४५ अंशांच्या वर प्रभारित करू नयेत, असा सामान्य नियम आहे. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या एंजिनाच्या पोटात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून गाडी सकाळी चालवावी आणि घट सावलीत, निवल्यावर, प्रभारित करावेत. ब्युटेन गॅसचा दाब २० अंशांवर वातावरणाच्या दुप्पट असतो, तर ४५ अंशांवर चौपटीहून थोडा अधिक होतो. थंड देशांत गॅसची टाकी गार पडून ज्योत मंदावते, ही तक्रार असते. रायपुरच्या उन्हाळ्यात ज्योत अनावर होते, ही अडचण आहे. गॅस सावलीत भरावा, आणि त्या वेळी जवळपास दुसरी कोणतीही ज्योत नसावी.

तिसरा प्रश्न पाण्याचा. रायपुरभोवतीचा मोठा भूभाग चुनखडकाचा आहे. बलौदा बाजारचे सिमेंटचे कारखाने त्याच खडकावर उभे आहेत. असल्या भूमीतील विहिरीचे पाणी जड असते. ते बॉयलरमध्ये उकळले की आत पांढरे कीटण धरते, नळ्या बुजतात आणि उष्णता पाण्यात शिरेनाशी होते. छपरावरून गोळा केलेले स्वच्छ पावसाचे पाणी किंवा ऊर्ध्वपातित पाणी हाच यावर उपाय होय.

लहान आहे, परंतु खेळणे नव्हे

अखेरीस सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चार किलोग्रॅम दाबाखाली पाणी सुमारे १५२ अंशांवर उकळते. बॉयलर फुटला तर त्यातील पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो आणि उरलेले उकळते पाणी चहूकडे उडते. पेलाभर पाणी असले तरी ते मुलाचा चेहरा भाजण्यास पुरेसे आहे. बॉयलरविषयीचा देशातील कायदा २५ लिटरहून कमी धारणेच्या पात्रांना लागू होत नाही. तेव्हा अंगणातील बॉयलर तपासण्यास कोणीही सरकारी निरीक्षक येणार नाही. ती जबाबदारी सर्वस्वी चालविणाऱ्याची आहे.

म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. बॉयलर तांब्याचा आणि चांदीच्या झाळेने जोडलेला असावा; साध्या कथलाची झाळ दोनशे अंशांच्या आतच वितळते. नव्या बॉयलरची चाचणी थंड पाण्याने, नेहमीच्या दुप्पट दाबावर घ्यावी. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे सांधा उघडला तरी पाणी केवळ ठिबकते, स्फोट होत नाही. हवा भरून चाचणी कधीही घेऊ नये. सुरक्षा-झडप दर खेपेस उघडते की नाही ते पाहावे, आणि ती बांधून किंवा घट्ट करून ठेवण्याचा मोह टाळावा.

नवशिक्याने प्रथम बॅटरीचे एंजिन घ्यावे. त्यावर रुळांची सपाटी, वळणांची गोलाई व चढांचा कस लागतो, आणि चुकीची शिक्षा गाडी घसरण्यापलीकडे जात नाही. पाच किलोग्रॅम वजनाच्या डब्यांना पन्नासास एक या चढावर सुमारे एक न्यूटन जास्तीचा जोर लागतो, हे साध्या ताणकाट्याने मोजून पाहता येते. रूळ विश्वासाचे झाले की मगच वाफेकडे वळावे, आणि तेव्हाही एक वडीलधारी व्यक्ती जवळ असावी.

वाफेचे चांगले छोटे एंजिन अशा रीतीने बांधलेले असते की, गॅस आधी संपतो आणि पाणी मागे उरते. वरच्या उदाहरणात १७ ग्रॅम गॅस जळून गेला तरी ५० मिलिलिटर पाणी शिल्लक राहते, ते याचसाठी. कोरड्या बॉयलरखाली ज्योत जळत राहिली तर सारे बांधकाम वाया जाते. पाणी अगोदर, विस्तव नंतर; आणि थांबताना विस्तव अगोदर, पाणी नंतर. मोठ्या एंजिनांच्या चालकांनाही हेच पहिल्या दिवशी शिकविले जाई. डिसेंबरातील एखाद्या सकाळी, हवा गार असताना हा प्रयोग करावा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत जी वाफ डोळ्यांना दिसत नाही, ती त्या वेळी धुराड्यावर पांढरी शुभ्र उमटते, आणि आपल्या आजोबांनी अभनपूरच्या फलाटावरून काय पाहिले असेल, याची कल्पना मुलांना येते.