नावं बदललेल्यांचा ‘सैरंध्री’

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट, ‘सैरंध्री’ (१९२०). गोष्ट अज्ञातवासातली: द्रौपदी सैरंध्री झालेली, भीम बल्लव होऊन विराटाच्या मुदपाकखान्यात. आणि पडद्यामागे? दिग्दर्शक बाबूराव मेस्त्रींनी ‘पेंटर’ हीच ओळख केलेली. नायिकांपैकी गुलाबबाईंची कमलादेवी झाली, अनसूयाबाईंची सुशीलादेवी. बायांनी सिनेमात काम करणं तेव्हा बदनामीचंच, म्हणून हा खटाटोप असावा, असं आपलं माझं मत.

प्रेक्षकांना नावांशी काय देणंघेणं! झुंजारराव पवारांचा कीचक आणि बाळासाहेब यादवांचा भीम. कीचकवध इतका खरा वाटला की थिएटरात किंकाळ्या उठल्या, काहींना भोवळ आली म्हणतात. शेवटी ते दृश्यच कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना आणखी एक नाव दिलं: ‘सिनेमा केसरी’.