अणुसंमीलन: ऊर्जेचा जमाखर्च

ऑक्सफर्डशायरमधील कल्हम येथील ‘जेट’ या यंत्राने ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून सुमारे पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण केली. तेवढ्या उष्णतेसाठी साधारण दोन किलो कोळसा जाळावा लागला असता. हा जागतिक विक्रम ठरला; तरीही त्यातून एक युनिटही वीज कोणाच्या घरी पोहोचली नाही.

याचे कारण संमीलनाच्या स्वरूपातच आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांची केंद्रके धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. ती एकत्र येण्यासाठी इंधन दहा कोटी अंश सेल्सिअसहून अधिक तापवावे लागते. असा तप्त प्लाझ्मा भिंतीला टेकला तर क्षणात थंडावतो. म्हणून ‘टोकामॅक’ या कंकणाकृती यंत्रात तो चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरून ठेवतात. तापवणे आणि धरून ठेवणे, दोन्हींसाठी वीज लागते. खरा प्रश्न या खर्चाचा आहे.

१९९७ मध्ये ‘जेट’मध्ये प्लाझ्माला २४ मेगावॉट उष्णता पुरवून १६ मेगावॉट संमीलन-शक्ती मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. हे यश ऐतिहासिक खरे. परंतु ते लेसर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’चे उद्दिष्ट ५० मेगावॉट उष्णतेतून ५०० मेगावॉट मिळवण्याचे आहे. त्यातील अतिवाहक चुंबक ‘जेट’च्या तांब्याच्या चुंबकांपेक्षा पुष्कळ कमी वीज घेतील. भारत या प्रकल्पाचा भागीदार असून यंत्राभोवतीचे प्रचंड शीतपात्र भारताने पुरवले आहे. मात्र ‘इटर’ही वीजनिर्मिती करणार नाही, ते प्रयोगयंत्रच आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार त्यातील ड्यूटेरियम-ट्रिटियम प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहेत.

१९५५ मध्ये जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी नियंत्रित संमीलनाचा मार्ग दोन दशकांत सापडेल असे भाकीत केले होते. दिशा चुकली नाही. अंतराचा अंदाज चुकला. आज या क्षेत्रात खासगी भांडवलही मोठ्या प्रमाणावर उतरत आहे. अशा वेळी ‘घातली त्याहून अधिक ऊर्जा मिळाली’ असा दावा वाचताना एक गोष्ट तपासावी: घातलेली ऊर्जा प्लाझ्मापाशी मोजली, की विजेच्या मीटरपाशी? प्रयोगशाळेतील यश पहिल्या हिशेबावर ठरते. वीजकेंद्र उभे राहील की नाही, हे दुसऱ्यावर.