ब्लिट्झचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे अडवणाऱ्या पाच गड्यांची भिंत असते. एरवी तिच्यावर चौघे चालून येतात. पाच-सहा तुटून पडले की तो ब्लिट्झ.

1988 साली जॉन मॅडन या प्रशिक्षकाच्या नावाने या खेळाची संगणकीय आवृत्ती निघाली. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी हवेतच, असा त्याने हट्ट धरला. कपात नाकारणारा हा गृहस्थ मला आवडला! गडी घटवले तर ब्लिट्झचा हिशेबच मोडतो. कारण अंगावर येणारा प्रत्येक जादा गडी आपली जागा ओस टाकून येतो.

पडद्यापुढचा नवशिका घाबरून मागे पळतो आणि सापडतो. जाणता खेळाडू डाव सुरू होण्यापूर्वीच चाहूल घेतो, एका सोबत्याला आखूड धाव नेमून देतो आणि त्या ओस जागेत चेंडू झटकन टाकतो.